माप रिठदचं, शिलाई कुणाची?

२०२४च्या जूनमध्ये राज्यात पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू झाली, ती नेमकी पावसाच्या तोंडावर. १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज होते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, असे पन्नास गुण मैदानावर ठरणार होते. त्या पन्नास गुणांसाठी वाशीम जिल्ह्यातल्या गावोगावी मुलंमुली वर्ष-दोन वर्षं पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. अंगावर आठवडी बाजारातली तीन-चारशे रुपयांची ट्रॅकपँट आणि कबड्डीच्या सामन्यात मिळालेली जर्सी. मुलींच्या अंगावर पुष्कळदा भावाचा टी-शर्ट. खेळाच्या कपड्यांचं हे खरं गिऱ्हाईक आहे. ते रोज घाम गाळतं, कपडा रोज धुतं, आणि त्याच्यासाठी म्हणून कपडा कुणी बेतत नाही.

रिसोड तालुक्यातल्या रिठदच्या चार-दोन तरुणांनी उद्या ठरवलं, की या मुलांसाठी आपण ब्रँड काढू, तर नाव आणि जाहिरात पुढची गोष्ट. आधी ठरवावं लागेल, माल बनवायचा कसा? सगळ्यात सोपी वाट म्हणजे लुधियाना, सुरत किंवा तिरुप्पूरहून तयार माल घाऊक आणायचा आणि त्यावर आपलं लेबल लावायचं. दुसरीत नमुना आपण द्यायचा आणि कापडापासून पॅकिंगपर्यंत सगळं कारखान्यावर सोपवायचं. तिसरीत कापड आपण घ्यायचं, कटिंग-शिलाई मजुरीवर करून घ्यायची. धंद्यात याला जॉबवर्क म्हणतात. आणि शेवटी स्वतःचं शेड, स्वतःच्या मशीन, स्वतःचे कारागीर.

या वाटा नगामागे किती रुपये पडतात यावर तोलायची पद्धत आहे. मला तो तोल अपुरा वाटतो. नगामागचा खर्च माल विकला गेला तरच खरा ठरतो, आणि नव्या ब्रँडचा माल पडून राहण्याचीच भीती जास्त. म्हणून प्रत्येक वाटेला दोन प्रश्न विचारायला हवेत. नग पडून राहिले तर कुणाचा पैसा अडकतो? काम थांबलं तर घरी कोण बसतं? माझं म्हणणं असं की नव्या ब्रँडने कापड आणि माप या दोन्हींची जोखीम स्वतःकडे ठेवावी, शिलाई मजुरीवर द्यावी, पण मंदीचं ओझं शिवणाऱ्या बाईच्या डोक्यावर ढकलू नये. मशीन विकत घेणं हे सगळ्यात शेवटचं काम.

वऱ्हाडात हे बोललं की लगेच हरकत येते, आणि ती मनापासूनची असते. कापूस आमचा, मग कपडा आमचा का नको? या हरकतीमागे दीडशे वर्षांचं दुखणं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर खिळली. रेल्वे आली, खामगाव-अमरावतीला फाटे फुटले, सरकी काढून गाठी बांधणारे कारखाने उभे राहिले. गाठी समुद्रापार गेल्या आणि विलायती कापड इथल्याच बाजारात येऊन विकलं गेलं. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती हे गणित उलटवायला. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दाराशी. मग गाठी मुंबईला वाहून न्यायच्या कशाला? तो निर्णय सव्वाशे वर्षं टिकला. मिल बंद झाली ती २००२ साली.

पण त्या निर्णयाचं बळ सुती धाग्यात होतं. पहाटे धावणाऱ्या मुलाला सुती पँट चालत नाही. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. ओली पँट जड होते, मांडीला घासते, पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. या कपड्याला पॉलिएस्टर किंवा नायलॉन लागतं आणि ताणासाठी थोडं स्पँडेक्स, ज्याला बाजारात सरसकट लायक्रा म्हणतात. म्हणजे वाशीमच्या शिवारातला कापूस या धंद्याचा कच्चा मालच नव्हे, आणि तिथेही आता कापसापेक्षा सोयाबीनच जास्त. विदर्भात पॉलिएस्टर मात्र बनतं: नागपूरजवळ बुटीबोरीला इंडोरामाचा पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना आहे. तरी असल्या धाग्याचं ताण घेणारं कापड विणण्याचा आणि रंगवण्याचा उद्योग वाढला तो मुख्यतः सुरत, लुधियाना, तिरुप्पूरकडे. धागा जवळ असून भागत नाही, मधली कडी लांब असली की कापड लांबूनच आणावं लागतं. यवतमाळजवळ लोहाऱ्याला रेमंडचं डेनिम आलं, अमरावतीच्या नांदगाव पेठेत कापड कारखाने आले, २०२३ साली अमरावतीला पीएम मित्र हा वस्त्रोद्योग पार्क जाहीर झाला. ही मधली कडी विदर्भात उभी राहिली तर रिठदचं गणितही बदलेल. आज त्या आशेवर कर्ज काढून शेड बांधणं मला धोक्याचं वाटतं.

कापड लांबून येणार हे मान्य केलं की आकडा सुरू होतो. ट्रॅकपँटला चालेल असं २४० जीएसएमच्या (चौरस मीटरला २४० ग्रॅम) आसपासचं कापड घेतलं, तर मधल्या मापाच्या एका पँटला वाया जाणाऱ्या चिंध्यांसकट सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास कापड लागतं. म्हणजे शंभर किलोत साधारण तीनशे पँट. रंगाईचा कारखाना एका रंगाचा लहानसहान लॉट घ्यायला राजी नसतो, कारण भांडं भरलं नाही तरी पाणी, वाफ आणि रसायनं जवळपास तेवढीच जातात. लॉट शंभर किलोचा धरला आणि तीन रंग हवे असतील तर पहिल्याच फटक्यात नऊशे पँटचं कापड घरात. नवा ब्रँड बुडतो तो बहुधा इथे. रंग आणि प्रकार वाढवण्याच्या हौसेत. तयार रंगवून ठेवलेल्या साठ्यातलं काळं आणि नेव्ही ब्लू घ्यावं, आणि वर्षभर तेवढ्यावरच राहावं. पुढच्या खेपेला रंगाची छटा थोडी वेगळी येते, म्हणून एका पँटचे दोन पाय दोन लॉटमधून कापायचे नाहीत, एवढी शिस्त मात्र पाळावी लागते.

जर्सीचं गणित याच्या उलट आहे, आणि ते ध्यानात घेण्यासारखं आहे. सब्लिमेशनच्या छपाईत कापड पांढरंच असतं. नक्षी आधी कागदावर छापतात आणि दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेने कापडावर उतरवतात. पॉलिएस्टरचा तो धर्म आहे, सुतावर ही छपाई धरत नाही. रंगाचं भांडंच नसल्यामुळे कबड्डीच्या एका संघाच्या बारा-पंधरा जर्सीसुद्धा परवडतात. म्हणून जर्सी मागणी आल्यावर बनवावी आणि पँट साठ्यातून विकावी. एकाच ब्रँडच्या दोन वस्तूंना दोन वेगळ्या पद्धती लागतात, आणि ‘आमचं मॉडेल कोणतं’ या प्रश्नाला एकच उत्तर शोधत बसण्यात वेळ जातो.

आता माप. मी तयार मालावर लेबल लावायच्या वाटेला विरोध करतो तो या एका कारणासाठी. तिरुप्पूरच्या कारखान्यांनी निर्यातीवर हात बसवला आणि त्यांच्याकडचे बरेच फर्मे, म्हणजे कापायचे साचे, परदेशी मापांवर बेतलेले असतात. भरतीची तयारी करणाऱ्या वऱ्हाडातल्या मुलीची गरज त्या फर्म्यात मावत नाही. गावातून पळत जाताना तिला अंगाला चिकटणारी लेगिंग नको असते. घरचेही नको म्हणतात. तिला मांडीवर सैल पण पळताना पायात न अडकणारी पँट हवी, कंबरेखाली पुरेसा उतरणारा टी-शर्ट हवा आणि मोबाइल उसळणार नाही असा चेन असलेला खिसा हवा. मुलांच्या पँटीत दुखणं आसनाचं. गोळा फेकायला खाली बसलं की साधी सरळ शिवण ताणाच्या कापडात तटकन तुटते, कारण कापड ताणतं आणि दोरा ताणत नाही. तिथे ओव्हरलॉक किंवा फ्लॅटलॉकची ताण घेणारी शिवण हवी, गोल टोकाची सुई हवी, आणि चारही शिवणी एका बिंदूवर येऊ नयेत म्हणून आसनाला वेगळा तुकडा हवा. हे सगळं गावच्या अनुभवी टेलरला दाखवलं तर तो अर्ध्या तासात समजून घेईल. पण सांगायला आपल्याकडे आधी ते माहीत असायला हवं, आणि ते कळतं फक्त धावणाऱ्यांकडून. दहा नग शिवून दहा जणांना महिनाभर द्यावेत. डांबरावर, चिखलात, बोअरच्या जड पाण्यात साबणाच्या वडीने दगडावर घासून. प्रयोगशाळेत कापडाच्या पुष्कळ चाचण्या होतात, दगडाची होत नाही.

ही तपासणी दुसऱ्यावर सोपवली की काय होतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण कॅनडातल्या लुलुलेमन या कंपनीचं. योगाच्या पँटवर तिचं नाव झालं. मार्च २०१३मध्ये त्या काळ्या पँटी वाकल्यावर आरपार दिसतात असं उघड झालं आणि दुकानांतल्या बायकांच्या पँटींपैकी सुमारे १७ टक्के माल मागे घ्यावा लागला. तैवानच्या एक्लाट या पुरवठादाराचं म्हणणं होतं, की माल करारातल्या अटींप्रमाणेच दिला. कागदावरची अट पाळली गेली आणि पँट तरी वाया गेली, असं होऊ शकतं. कारण वाकून बघणं कागदावर होत नाही. नायकीचं उदाहरण लोक नेहमी उलट्या बाजूने देतात: बघा, स्वतःचा कारखाना न काढता केवढी झाली. खरं आहे. पण १९६४ साली संस्थापक फिल नाइट यांच्याबरोबर भागीदारीत उतरलेले बिल बॉवरमन हे धावपटूंचे प्रशिक्षक होते. ते बूट उसवून, कापून, पुन्हा जोडून आपल्या मुलांच्या पायात घालून बघत. शिलाई जपानमध्ये होत होती, माप ऑरेगनच्या मैदानावर ठरत होतं. नाव मोठं झाल्यावर त्याच कंपनीला नव्वदच्या दशकात आशियातल्या कारखान्यांतल्या मजुरीवरून जगाला उत्तरं द्यावी लागली, तीही बाहेर शिवून घेण्याच्याच निर्णयाची दुसरी बाजू.

आपल्याकडचा धडा याहून जवळचा आहे. २०२४-२५च्या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेत सरकारी शाळांतल्या लाखो मुलांसाठी कापडाची खरेदी एका ठिकाणाहून झाली, आणि शिलाईचं काम माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, बचतगटांतल्या महिलांना द्यायचं ठरलं. हेतू दोन्हीकडून चांगला: घाऊक खरेदीत कापड स्वस्त, आणि शिलाईचा पैसा गावातल्या बायकांच्या हातात. प्रत्यक्षात कापड उशिरा पोचलं, स्वातंत्र्यदिन आला तरी पुष्कळ शाळांत गणवेश नव्हते, आणि जे आले त्यातले अनेक कुणाला तोकडे, कुणाला ढगळ. डिसेंबर २०२४मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं.

त्या काळात बोट बहुतेक शिवणाऱ्या बायकांकडे दाखवलं गेलं, आणि ते मला आजही खटकतं. कपड्याचं माप शिवताना ठरत नाही, कापताना ठरतं. कापलेला तुकडा हातात आला, की बाईच्या हाती उरते फक्त शिवण सरळ घालणं. आणि कापड महिनाभर उशिरा आलं तर त्या महिन्याची मजुरी बुडते ती तिचीच. योजनेत पैसा सरकारचा होता, कापड पुरवठादाराचं, आणि रिकामं बसणं मात्र बाईचं.

महाराष्ट्राच्या कापडधंद्याने ही वाटणी याआधीही पाहिली आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तेव्हा तो एका माणसाच्या हिमतीचा कारखाना होता. पुढे इचलकरंजी, भिवंडी, मालेगावात माग वाढत गेले आणि १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर तर कापडाचं विणकाम मोठ्या प्रमाणावर याच गावांकडे वळलं. गिरणीत मंदी आली तरी हजेरीपटावर नाव असायचं, फंड असायचा, भांडायला युनियन असायची. मजुरीवर चालणाऱ्या मागवाल्याकडे सूत आलं नाही तर माग बंद आणि कामगार घरी. सूत देणाऱ्या व्यापाऱ्याचं त्यात फारसं काही जात नाही. कापड स्वस्त झालं, कारण मंदीचा खर्च हिशेबातून बाहेर गेला. तो खर्च कुणीतरी भरतच होतं.

नदीही भरते. तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी इतकी बिघडवली की जानेवारी २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करायला लावले. पुढे सांडपाणी बाहेर न सोडण्याच्या अटीवर ते सुरू झाले. रंगवलेलं कापड घेताना त्या अटीचा खर्च दरात धरलेला आहे का, हे रिठदहून फोनवर विचारता येतं, आणि विचारावं.

मग स्वतःचं शेड का नको? तिथे तर सगळी जबाबदारी आपल्या डोळ्यांसमोर राहील. हा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो. वाशीम हा २०१८पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे; इथली तरणी पोरं पुण्या-मुंबईला, सुरतेला जातात, आणि गावात वीस मशीन सुरू झाल्या तर वीस घरं थांबतील. त्यात योजनाही मशीनच्याच बाजूच्या. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत मर्यादा आहे आणि ग्रामीण भागातल्या महिलांना व राखीव प्रवर्गांना ३५ टक्के अनुदान मिळतं. प्रकल्प अहवाल करायला बसलं की पहिला कागद मशीनच्या कोटेशनचा लागतो. दहा धावणाऱ्यांना महिनाभर कपडे घालून बघण्याचं कोटेशन कुणी मागत नाही, कारण त्याचा जीएसटी क्रमांक नसतो आणि त्यावर तारणही बसत नाही. त्यामुळे माणूस मशीन घेतो, मग मशीनला काम शोधतो, काम मिळेना की दुसऱ्याचं पडेल त्या दराने शिवून देतो. ब्रँड काढायला निघालेला तरुण दोन वर्षांत दुसऱ्याचा जॉबवर्कर होतो, आणि हप्ता मात्र त्याच्या नावावर. बैल आधी घ्यायचा आणि मग त्याच्या वैरणीसाठी वावर शोधायचं, अशी ती गत.

शिवाय हंगाम असतो. वऱ्हाडातल्या बायका निंदणाच्या आणि सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत मशीनवर बसायला मोकळ्या नसतात. मागणी येते भरतीच्या जाहिरातीबरोबर, आणि ती जाहिरात कधी निघेल ते कुणाच्या हाती नसतं. हे दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. बारा महिने पगार देणारं शेड पहिल्याच वर्षी या तफावतीत सापडेल.

म्हणून जॉबवर्क, पण अटी आपण आधी लिहून देऊ असं जॉबवर्क. वाशीम किंवा अकोल्याला शालेय गणवेश शिवणारा लहान कारखानदार धरावा. महिन्याला किमान इतके नग आम्ही देऊच, आणि दिले नाहीत तर ठरलेली निम्मी मजुरी देऊ, असं कागदावर यावं. नगाचा दर ठरवण्याआधी एका चांगल्या कारागिराला आपल्या समोर पाच पँट शिवायला बसवून वेळ मोजावा. आसनाच्या जोड तुकड्याला आणि खिशाच्या चेनला जास्त वेळ लागतो, तो दरात दिसला पाहिजे. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं देणं लेखी करार असेल तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं, असा २००६चा कायदा आहे, आणि २०२३-२४पासून मुदत चुकवली तर तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. नव्या ब्रँडने हा कायदा ओझं समजू नये. मजुरी वेळेवर देणाऱ्याचा माल गर्दीच्या महिन्यात आधी निघतो.

यातलं एक काम मात्र मी पहिल्या दिवसापासून रिठदमध्ये ठेवीन, ते कटिंगचं. गणवेशाच्या प्रकरणाने तेच शिकवलं. लांब टेबल, कापड कापायचं एक हातमशीन, पुठ्ठ्याचे फर्मे आणि कोरडी खोली, एवढ्यात ते भागतं. ताणाचं कापड रोलवर ओढून गुंडाळलेलं असतं. आल्याबरोबर कापलं तर शिवल्यावर आखडतं आणि एलची पँट एमच्या पोराला बसते. ते उघडून दिवसभर पसरून ठेवावं लागतं. घाईतला जॉबवर्कर हा एक दिवस खातो, कारण कापड त्याचं नसतं. आपलं असेल तर आपण खाणार नाही. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे मापावार बांधून शिलाईला गेले, की चुकीच्या मापाचं खापर शिवणाऱ्यावर फुटण्याची सोयच उरत नाही, आणि पँटचा फर्माही गावाबाहेर जात नाही.

शिलाईच्या मशीन घ्यायच्या तर आधी दोन, एक ओव्हरलॉक आणि एक फ्लॅटलॉक, नमुने शिवायला आणि उसवून परत आलेले नग दुरुस्त करायला. परत आलेला प्रत्येक नग त्या खोलीत यावा, कुठे उसवला ते फर्म्यावर खुणेने नोंदलं जावं, आणि पुढचा लॉट त्या खुणा बघून कापला जावा. बाकीच्या मशीन तेव्हा, जेव्हा भरतीची जाहिरात नसलेल्या सलग काही महिन्यांतही तीन-चार जणींचा पूर्ण पगार निघेल एवढी विक्री टिकलेली असेल. तोवर बँकेचा माणूस अनुदानाचा फॉर्म घेऊन आला, तर त्याला ती कटिंगची खोली दाखवावी, कापडासाठी खेळतं भांडवल मागावं, आणि ते मिळत नसेल तर फॉर्म परत करावा.